पथ्य कुणी मोडलं? आळेफाट्यावरच्या यंत्रवाल्यास खुलं पत्र

महाराज,

तुमचं नाव मला ठाऊक आहे, पण इथे लिहीत नाही. नाव लिहिलं की चार दिवस लोक तुमच्याबद्दल बोलतील आणि तोवर तुमचाच कुणी भाऊबंद पुढच्या फाट्यावर गाडी लावून बसेल. हे पत्र त्यालाही आहे.

माझी चुलती उपबाजारात कांदा घालून घरी निघाली होती. दहा किलोला जो भाव निघाला त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडं गेलं, आणि उरलं ते तिच्या पदराच्या गाठीत होतं. तुम्ही गाडीचा मागचा दरवाजा उघडून तांब्याच्या पत्र्यांची यंत्रं, काळे दोरे आणि ताईत मांडले होते. तिला पाहून तुम्ही म्हणालात, "मुलगा पितो ना, माउली?" तिला वाटलं, या माणसाला सगळं दिसतं. महाराज, जी म्हातारी बाजारात एकटीच पिशव्या उतरवून घेते आणि जिच्यासोबत घरातलं कुणीच नाही, तिच्या घरी काय चाललंय हे आमच्या गावचं शेंबडं पोरही सांगेल. तुम्ही तिचं दुःख ओळखलंत आणि लगेच त्याची किंमत लावलीत.

किंमत २,१०० रुपये. यंत्र मुलाच्या उशाखाली ठेवायचं, त्याला कळू द्यायचं नाही, ४१ दिवस तिन्हीसांजेला तुपाचा दिवा लावायचा. ४१ दिवस झाले, माझा चुलतभाऊ पितच होता. ती पुन्हा तुमच्याकडे आली. तुम्ही म्हणालात, पीडा जुनी आहे, मोठं यंत्र लागेल. ५,१०० रुपये. तेही संपलं. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा तुम्ही पैसे मागितले नाहीत. तुम्ही तिला विचारलंत, "घरात पथ्य कुणी मोडलं?"

त्या ७,२०० रुपयांपेक्षा या एका प्रश्नासाठी मी तुम्हाला हे लिहितोय. दारूचा दोष तुम्ही मुलावरून उचललात, पत्र्यावर तर येऊच दिला नाहीत, आणि आईच्या डोक्यावर ठेवलात. तेव्हापासून ती रात्री उठून यंत्र जागेवर आहे का ते बघायची. दिव्याची वेळ चुकेल म्हणून एकादशीच्या कीर्तनाला जाणं तिने सोडलं. चाळीस वर्षं हरिपाठ म्हणून शांत झोपणारी बाई तुमच्या तांब्याच्या तुकड्याला भिऊन जागी राहायला लागली.

आणि हे तुम्ही कुठे केलंत? आळ्यात. ज्या गावात ज्ञानोबांच्या रेड्याची समाधी आहे, त्याच गावाच्या फाट्यावर. तुमच्या बोलण्यात "माउलींचा आशीर्वाद" सारखा येतो, म्हणून ती गोष्ट तुम्हाला पुन्हा सांगतो. आईबाप गेलेली चार भावंडं शुद्धिपत्र मागायला पैठणला गेली. ज्ञानदेव म्हणाले, सगळ्यांत आत्मा एकच. समोरून रेडा चालला होता. कुणीतरी टोचून म्हणालं, याचंही नाव ज्ञानाच आहे. रेड्याच्या पाठीवर आसूड पडले आणि वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उमटले, असं आमच्याकडे सांगतात. मग त्या रेड्याच्या तोंडून वेद निघाले. परतीच्या वाटेवर तो इथे आळ्यात पडला आणि भावंडांनी त्याला समाधी दिली.

ही गोष्ट ऐकून तुमच्या मनात चमत्कार तेवढा राहिला असेल. आम्हाला लहानपणी थोरल्यांनी ती सांगितली ती वळांसाठी. दुसऱ्याला बसलेला मार आपल्या पाठीवर उमटला पाहिजे, ही तिची खूण. तुम्ही तर वळ उठलेल्या बाईच्या पाठीवर आणखी एक ओढलात.

ज्ञानदेवांनी तुमच्यासारख्यांचा धंदा सातशे वर्षांपूर्वीच ओळखला होता. १२९० साली नेवाशाला पुरी झालेली ज्ञानेश्वरी उघडा, तेरावा अध्याय काढा. अज्ञानाची लक्षणं सांगताना त्यांनी अशा भक्ताचं वर्णन केलंय, जो घरी एक देव बसवतो आणि यात्रेला दुसऱ्याच्या जातो, ज्याचा देव चतुर्थीला वेगळा, नागपंचमीला वेगळा, रविवारी वेगळा आणि सोमवारी आणखी वेगळा असतो. काम होईल तिथे हात जोडणारा हा माणूस कुठल्याच देवाचा नसतो. तुमचं गिऱ्हाईक हेच. ते असंच राहावं, एका जागी विसावू नये, यावर तुमची गाडी चालते.

मी तुम्हाला जाब विचारला तेव्हा तुम्ही माझ्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे बोट दाखवून म्हणालात, "मग हे काय आहे?" त्या दिवशी मला राग आला होता, म्हणून नीट बोललो नाही. आता सांगतो. ही माळ आळंदीत थोड्या पैशांत मिळते. ती माझ्यासाठी काहीही करत नाही. माझा कांदा सडायचा तो सडतो, भाव पडायचा तो पडतो. करायचं आहे ते मला. माळ घातली त्या दिवशी मी दारू आणि मांस सोडायचं, एकादशी धरायची, वारी चुकवायची नाही, परस्त्रीला आईसमान मानायचं, असं कबूल केलं. ही शब्द दिल्याची खूण आहे. आमच्या पंचक्रोशीत माळ घालून दारू सुटलेली माणसं आहेत, पण त्यांच्या उशाखाली ती कुणी चोरून ठेवली नव्हती. त्यांनी स्वतः मान वाकवली होती. देवावर विसंबणारा माणूस सगळ्यात आधी स्वतः बदलायला तयार होतो. तुमच्या यंत्राला माणूस बदललेला नकोच असतो, त्याला फक्त पैसे हवे असतात.

"मूर्तीला तुम्हीही नमस्कार करताच," हेही तुम्ही म्हणालात. करतो. पण नामदेवांची गोष्ट आहे. पंढरीचा विठ्ठल ज्यांच्याशी बोलायचा त्या नामदेवांनाही गुरू करायला धाडलं. औंढ्याच्या देवळात विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजले होते. नामदेव रागावले, तेव्हा विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेवांना तशी जागा सापडली नाही. पंढरपूरच्या विटेपुढे आम्ही डोकं ठेवतो ते ही गोष्ट पोटात घेऊन. दगडात तेवढा देव आहे असं आम्हाला कुणी शिकवलं नाही, आणि ५,१०० रुपयांच्या तांब्यात तर नाहीच नाही.

तुमच्या मांडणीत बिबट्यापासून राखणारा ताईतही मी पाहिला. तो विकू नका, हे मी हात जोडून सांगतो. आमच्या तालुक्यात उसाला रात्रीचं पाणी द्यायला जाणारा माणूस जीव मुठीत धरून जातो. त्याला दिवसा वीज पाहिजे, हातात बॅटरी पाहिजे, सोबतीला माणूस पाहिजे, वनखात्याचा पिंजरा वेळेवर पाहिजे. गळ्यात ताईत आहे म्हणून तो एकटा उसात शिरला तर त्याच्या पोरांना तुम्ही काय सांगणार? पथ्य कुणी मोडलं, असं त्यांनाही विचारणार?

कायद्याचंही सांगून ठेवतो. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. सहा महिने ते सात वर्षं तुरुंगवास आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड, अशी त्यात शिक्षा आहे. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने सांगितलं की देवाचं किंवा बाबाचं नाव लावून, चमत्कारी गुण आहेत असं म्हणून यंत्रं विकण्याच्या जाहिराती या कायद्याखाली बेकायदा आहेत. खटला टीव्हीवरच्या जाहिरातींचा होता. तुमच्या गाडीवरचा फलक मी वाचलाय, त्याचा फोटोही माझ्याकडे आहे.

चुलतभावाला मी पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात घेऊन जाणार आहे. १९८६ पासून तिथे हे काम चाललंय. तो यायला तयार झालाय, पण दोनदा नाही म्हणून. तिसऱ्यांदा त्याने स्वतःच विचारलं, कधी जायचं. हे त्याच्या तोंडून यायला वेळ लागला, आणि त्या वेळात आम्हाला त्याच्याशेजारी बसून राहावं लागलं.

दोन्ही यंत्रं माझ्याकडे आहेत. चुलतीनेच ती उशाखालून काढून माझ्या हातावर ठेवली, पण तिचा हात थरथरत होता. पुढच्या बाजाराच्या दिवशी मी ती घेऊन फाट्यावर येतोय. ७,२०० रुपये मोजून ठेवा. मात्र ते मला देऊ नका. घरी चला आणि तिच्या हातात द्या. कारण ती अजून रोज विचारते, "परत केलं तर काही कोप तर होणार नाही ना रे?" मी नाही म्हणतो, पण तिला ते माझ्याकडून पटत नाही. ही भीती तुम्ही घातलीत. ती तिच्यासमोर बसून तुम्हीच काढायची आहे.