पालकांच्या उन्हाळी बंदोबस्ताची नियमावली

वैशाखात नागपूरचा पारा 45 अंशांच्या घरात गेला म्हणजे महालापासून धरमपेठेपर्यंतचे रस्ते भर दुपारी ओस पडतात, खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लागतात, कूलरच्या टाकीत बादलीमागून बादली रिती होते, आणि बालकास सकाळपासून दिवेलागणीपर्यंत घरात स्थानबद्ध ठेवण्याचे जे कार्य कोणत्याही शिक्षणखात्यास साधले नसते, ते सूर्यनारायण विनावेतन पार पाडतो. त्यातून विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून, जूनच्या अखेरीस उघडत असल्याने ही कैद इकडे अंमळ दीर्घ मुदतीची असते. अशा स्थितीत कंटाळलेले मूल कधी ना कधी पुस्तकाकडे वळणे स्वाभाविकच होय. त्यात व्यत्यय आणण्यास समर्थ अशी जी शक्ती घरात वावरते, तिचे नाव पालक. सबब, मुलांच्या वाचनाची काळजी वाहण्यापूर्वी पालकांचा बंदोबस्त करणे अगत्याचे जाणून खालील कलमे जारी करण्यात येत आहेत.

कलम 1 : ग्रंथनिवड. पालकाने मुलास वाचनालयापर्यंत पोचवावे व आपण दाराशीच थांबावे. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य शि. रा. रंगनाथन यांनी 1931 साली जे पाच सिद्धान्त मांडले, त्यांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे असे आहे. वाचकाला त्याच्या वडिलांचे पुस्तक मिळावे असे कोठेही नाही.

कलम 2 : जबानी. पुस्तक मिटताच ‘यातून काय शिकलास?’ अशी जबानी घेण्यास सक्त मनाई आहे. प्रत्येक पानाचा हिशेब द्यावा लागतो हे एकदा कळले, की वसुलीच्या धाकाने कुळाने पीक दडवावे तसे मूल आपला आनंद दडवू लागते, आणि तात्पर्याचे दोन दाणे तेवढे सरकारजमा करते.

कलम 3 : बुद्धिपुरस्सर अज्ञान. मुलास विचारप्रवृत्त करावयाचे असल्यास प्रश्न विचारू नयेत, धडधडीत चूक करावी. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मूळचा फुरसुंगीचा. पालकाने मात्र तो आपल्या उमरेडचा, असे चारचौघांत ठासून सांगावे. मूल ताडकन उठेल, पुस्तक आणून पुरावा दाखल करील, आणि पालकाचे अज्ञान सिद्ध करण्याच्या उत्साहात सबंध प्रकरण पुन्हा वाचून काढील. याच न्यायाने अधूनमधून खलनायकाचे वकीलपत्र घेणेही हितावह असते.

कलम 4 : अर्धवट सोडलेले पुस्तक. त्याचा पंचनामा करू नये. मात्र ते का टाकून दिले याची कैफियत मूल आपण होऊन सांगू लागल्यास हातातले काम बाजूस ठेवून ऐकावी. कारण ती त्याच्या आयुष्यातील पहिली समीक्षा असते, आणि पुष्कळ छापील समीक्षेहून अधिक प्रामाणिक असते.

कलम 5 : वडीलधाऱ्यांची वर्तणूक. याच नागपुरातून एके काळी ‘मुलांचे मासिक’ निघत असे. त्याचे जुने अंक कोणाच्या माळ्यावर असल्यास धूळ झटकून ते मुलांच्या हाताशी ठेवावेत आणि निमूटपणे निघून जावे. ‘आमच्या वेळी’ हे शब्द उच्चारणाऱ्याचे पन्हे तत्काळ जप्त करण्यात येईल.

कलम 6 : हजेरी. रोज दुपारी तासभर पालकाने आपला मोबाइल आजीच्या ताब्यात देऊन, स्वतःचे पुस्तक घेऊन मुलाशेजारी बसावे. पुस्तक तोंडावर पालथे घालून घोरणे ही हजेरी समजली जाणार नाही.

नियमभंग करणाऱ्यास नवतप्यात भर दोन प्रहरी कूलर भरण्याच्या कामी तैनात करण्यात येईल. जूनअखेर शाळा उघडतील, आणि ‘माझे आवडते पुस्तक’ या विषयावर निबंध लिहिण्याचा हुकूम यथाकाल सुटेलच. तोवर मुलास एखादे आवडते पुस्तक खरोखरीच असू द्यावे, एवढीच समस्त पालकवर्गास विनंती आहे.