अखाजीला लिफ्ट

जड वस्तू उचलण्याच्या बाबतीत एरंडोलकरांना कोणी काही शिकवू नये. हे गाव म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, असं आम्ही मानतो. गाडाभर अन्न, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस, असा खुराक असलेला बकासुर आमचाच; तो गाडा हाकत गेलेला भीमही आमच्याच गावातून निघाला. पुरावा हवा असेल तर पद्मालयाच्या रानात भीमकुंड दाखवू. त्या झटापटीत दोघांनी झाडं उपटून एकमेकांवर फेकली, असं व्यासांनी लिहून ठेवलंय. उपटलेलं झाड खाली कुठे आणि कसं ठेवलं, याबद्दल मात्र व्यास गप्प. गावाचा स्वभाव तिथूनच आला असावा. उचलायला सगळे धावतात. टेकवायचं कशावर, हे विचारणारा गावात एकच निघाला आणि तो नेमका माझा पुतण्या.

त्याचं गॅरेज महामार्गालगत, पारोळ्याच्या अंगाला आहे. सुरत-नागपूर रस्त्याचा नंबर सरकारने बदलून ५३ केला. आम्ही अजून सहा नंबरच म्हणतो. काळी-पिवळी जीप, बोलेरो, केळीचे छोटे टेम्पो, लग्नसराईत भाड्याने आणलेल्या गाड्या, अशी सगळी वर्दळ त्याच्या दारात. गाडीखाली शिरायला आजवर एक खड्डा होता. उभं राहून काम करता येतं एवढा एक गुण सोडला, तर त्या खड्ड्यात गुण नव्हता. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली खड्ड्यात उतरून बसते आणि ठिणगीची वाट पाहते. पावसाळ्यात बेडूक येत. ते एकवेळ चालले असते, ते बिडी तरी ओढत नाहीत.

खड्ड्याला पर्याय जॅक आणि दगड. हा दगड आपल्याकडच्या गॅरेजचा सर्वांत जुना कर्मचारी. जॅकने गाडी उचलायची, चाकाशी दगड लावायचा, आणि मिस्त्री पाठीवर सरपटत आत. जॅक घसरून माणूस दबल्याची बातमी पेपरात येते, आपण हळहळतो आणि त्याच दिवशी तोच दगड पुन्हा लावतो. पुतण्या हे बघत बघत काम शिकला होता. स्वतःचं गॅरेज झाल्यावर तो म्हणाला, “नाना, मला टू-पोस्ट लिफ्ट आणायचीय. चार टनांची.”

ही लिफ्ट म्हणजे दोन उभे पोलादी खांब. प्रत्येकाला दोन हात. चार हात गाडीच्या पोटाखाली जातात आणि तेलाच्या दाबाने ती माणसाच्या डोक्यावर उचलतात. गाडी तेलाच्या जोरावर उचलायची कल्पना अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात पीटर लुनाटी या मेकॅनिकला न्हाव्याच्या खुर्चीवरून सुचली, आणि १९२५ मध्ये त्याने मोटारीची लिफ्ट बाजारात आणली. आपण सगळे त्या खुर्चीत बसतो. न्हावी पायाने दांडी दाबतो, आपण वर जातो, आणि आपल्याला फार तर शेजारच्याचं टक्कल दिसतं. लुनाटीला गॅरेज दिसलं. पॅटंट त्याला का मिळालं आणि आपल्याला का नाही, याचं याहून साधं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही.

लिफ्ट ठरली तसे सल्लागार जमले. सगळ्यांचं म्हणणं एकच: “त्यात काय, फरशीत चार बोल्ट ठोकायचे.” पुतण्याने तोवर लिफ्टच्या पुस्तिकेचं पारायण केलं होतं, आणि तिच्यात बोल्टाची नव्हे, जमिनीची चौकशी होती. काँक्रीट किती जाड? किती ताकदीचं? ओतून किती दिवस झाले? भेग आहे का? कड किती लांब? मुलगी बघायला आलेली माणसंसुद्धा इतकं विचारत नाहीत.

पुस्तिकेचं बरोबर होतं. गाडीचं वजन खांबावर सरळ उभं उतरत नाही. ते पुढे काढलेल्या हातांवर असतं. भरलेली बादली हात लांब करून धरा, म्हणजे खांद्याला जे होतं तेच खांबाला होतं. खांब आतल्या बाजूला, गाडीकडे झुकू पाहतो आणि बाहेरच्या बाजूचे बोल्ट जमिनीतून उपटले जाऊ पाहतात. म्हणजे ज्या बोल्टाने गाडीला धरून ठेवलंय, त्याला जमिनीने धरून ठेवायचं. आणि जमीन कोणाची? खानदेशची.

आमच्या काळ्या मातीबद्दल कापसाला विचारा, तो चांगलंच सांगेल. घर बांधणाऱ्याला विचारू नका. लाव्हाच्या काळ्या दगडाची झीज होऊन बनलेली ही माती पाणी पिते आणि फुगते, ऊन लागलं की आक्रसते. मे महिन्यात शेतात अशा भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जावा. पावसाळ्यात तीच माती फुगून वर येते आणि वरची फरशी, भिंत, चौकट सगळ्यांना घेऊन येते. आमच्या घराचं पुढचं दार आषाढात लागत नाही आणि वैशाखात उघडं राहत नाही. पाहुण्यांना वाटतं, सुतार वाईट होता. बिचारा सुतार! गॅरेजची जुनी जमीन म्हणजे या मातीवर टाकलेला तीन इंची कोबा. त्याच्यावर चार टनांचा भरवसा ठेवायचा, तर विमा आधी उतरवावा लागला असता.

मग खोदाई झाली. दोन्ही खांबांच्या जागची आणि मधल्या पट्ट्यातली काळी काढली, मुरूम भरला, पाणी मारून धुमसला, त्यावर दगडाचं सोलिंग, त्यावर सळईची जाळी. पुस्तिकेत सहा इंच जाडी मागितली होती. पुतण्याने खांबांखाली फूटभर केली. गवंडी मिस्त्री खड्ड्याच्या काठावर बसून बराच वेळ बघत राहिला आणि मला म्हणाला, “जिभाऊ, हाई गॅरेज शे का धरन?” अंजनीचं धरण गावापासून जवळच असल्यामुळे माणसाजवळ तुलनेला माप तयार होतं.

तोवर पुतण्याला आणखी एक गोष्ट दिसली, ती म्हणजे छत. बोलेरो सहा फुटांहून उंच, तिच्याखाली माणूस उभा राहायचा तर ती आणखी सहा फूट वर. गॅरेजचे पत्रे अकरा फुटांवर. शाळेतल्या गणितात अशी उदाहरणं असती तर माझ्यासारखे लोक गणितात टिकले असते. गाडी उचलण्याआधी छप्पर उचललं गेलं, आणि ते काम, खरं सांगायचं तर, भीमाच्याच पद्धतीने झालं: आठ-दहा माणसं, चार शिव्या आणि एक नारळ.

आता मुहूर्त. काँक्रीटला पुरती ताकद येते ती २८ दिवसांनी, त्याआधी खांब उभा करायचा नाही, असं पुतण्या म्हणत होता. आई म्हणत होती की नवीन यंत्राचा नारळ अखाजीलाच, म्हणजे अक्षय तृतीयेलाच, फुटला पाहिजे. अभियांत्रिकी आणि आई यांच्यात आमच्या घरात आजवर आईच जिंकत आलीय. पण या वेळी पंचांग काढलं तर दोघंही जिंकले. गुढीपाडवा चैत्र शुद्ध प्रतिपदेला, अक्षय तृतीया वैशाख शुद्ध तृतीयेला. मधे एक चांद्रमास आणि वर दोन तिथी, म्हणजे ३१ दिवसांच्या आसपास. पाडव्याला स्लॅब ओतला तर अखाजीपर्यंत २८ दिवस भरून वर उरतात. साडेतीन मुहूर्तांपैकी दोन मुहूर्त आणि मधे काँक्रीटची मुदत, इतकं नीट बसवणाऱ्याने सिमेंट पाहिलं नव्हतं यावर विश्वास बसत नाही.

मधला काळ पाणी मारण्यात गेला. कोरड्या आणि कडक उन्हाच्या हवेत काँक्रीट निदान १० दिवस ओलं ठेवा, असं आय. एस. ४५६ या भारतीय मानकात आहे. तिथे ‘कडक ऊन’ लिहिणाऱ्याने चैत्रातलं एरंडोल पाहिलं होतं की नाही कोण जाणे. गोणपाट अंथरून सकाळी भिजवावं तर दुपारच्या चहाला ते पापडासारखं वाजायचं. गावात पिण्याचं पाणी ठरल्या दिवशी येतं, त्यामुळे शेजारणी आम्हाला जमिनीवर पाणी ओतताना बघत आणि काही बोलत नसत. खानदेशात बाई काही बोलत नाही तेव्हा ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं असतं. शेवटी पुतण्याने शेतातल्या विहिरीवरून टाकी भरून आणायला सुरुवात केली.

खांब ट्रकने आले. ओळंबा, पाणसळ, गुण्या, खडूच्या रेषा आणि दोन्ही कर्णांची मापं, असं सगळं होऊन जमिनीवर आराखडा उमटला. भोकं पाडताना पुतण्या मशीनवर दुसऱ्या कोणाला हात लावू देईना. भोक बोल्टाच्याच मापाचं हवं, सरळ हवं, आणि पाडून झाल्यावर आतली धूळ हवेच्या नळीने फुंकून काढायला हवी. नाहीतर बोल्टाचं टोक फुलून काँक्रीटला धरायच्या ऐवजी भुकटीला धरतं. गॅरेजातल्या पोऱ्याला हे पटलं नाही. त्याच्या मते नट आवळताना तोंडातून ‘हुं’ निघालं की बोल्ट बसला. पुतण्याने टॉर्क पाना आणला होता. ठरलेला जोर लागला की तो ‘टक्’ करतो आणि थांबायचं असतं. पोऱ्या म्हणाला, “पण अजून फिरतोय ना!” कमी आवळणं वाईट, जास्त आवळणंही वाईट, हे पटायला त्याला बरेच दिवस लागले. मलाही या पान्याचं कौतुक वाटलं. असा ‘टक्’ आवाज सभेतल्या वक्त्यांना बसवता आला, तर मी वर्गणी द्यायला तयार आहे.

थ्री-फेज जोडली. बटण दाबलं. मोटर फिरली आणि लिफ्ट ढिम्म. सल्लागारांचे चेहरे उजळले. पुतण्याने दोन फेजच्या वायरींची अदलाबदल केली. मोटर उलटी फिरत होती, ती सुलट फिरू लागली आणि चारही हात सावकाश वर निघाले. सल्लागार चहाला गेले.

अखाजीला पूजा झाली. आईने खांबांना हळदकुंकू लावलं, वर बघितलं, आणि तिथून खरा पेच सुरू झाला. अखाजीला सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात आणि झोके बांधतात. आमच्या अंगणातला निंब मागच्या वर्षी वादळात गेला. आणि इथे दोन भक्कम खांब, वर आडवा लोखंडी बार, खाली मोकळी जागा! पुतण्याच्या बहिणी दोर घेऊनच आल्या. तो हात जोडून सांगत होता की वरचा बार वजन घेण्यासाठी नाही. दोन्ही बाजू सारख्या वर जाव्यात म्हणून ज्या तारा असतात त्या आणि तेलाचे पाइप तेवढे त्याच्यावरून जातात. आई म्हणाली, “एवढी मोठी गाडी वर जास, मंग पोरीस्ले काय व्हस?” वजन बारवर नसतं, ते हातांवर आणि खांबांवर असतं, असं त्याने पुन्हा सांगितलं. त्यावर धाकटीने विचारलं की मग झोका हातांना बांधू का. एक फूटभर काँक्रीट ओतणारा माणूस मी प्रथमच हतबल पाहिला. शेवटी झोका शेजारच्यांच्या चिंचेला लागला आणि सांजोऱ्यांची पहिली ताटली समझोता म्हणून त्यांच्याकडे गेली.

गाड्या चढायला लागल्यावर पुतण्याचा एक विधी ठरला आणि तो अजून मोडलेला नाही. वजन दोन्हीकडे सारखं येईल अशी गाडी उभी करायची. हात गाडी बनवणाऱ्याने सांगितलेल्या जागीच लावायचे. बोलेरोला चासी असते, छोट्या गाडीला नसते, तिथे चुकीच्या जागी हात लावला तर पत्रा आत जातो. चाकं जमिनीपासून वीतभर सुटली की थांबायचं आणि गाडीला धक्के देऊन बघायचं. तेव्हा मालक ओरडतो. त्याला ओरडू द्यायचं. मग हवी तेवढी वर न्यायची आणि थोडी खाली सोडून पोलादी कुलपांवर टेकवायची, म्हणजे भार तेलावर राहत नाही. नळी फुटली, तेल गळलं, तरी गाडी जागची हलत नाही.

हे कुलूप चोख आहे, हे वैशाखातल्या एका दुपारी सिद्ध झालं. वऱ्हाडाची बोलेरो मागच्या चाकातल्या आवाजासाठी घाईने वर चढवली होती. काम झालं आणि वीज गेली. वरबाप म्हणाले, “खाली घ्या, निघायचंय.” पुतण्याने समजावलं की गाडी कुलपांवर टेकलीय, कुलूप सोडवायला तिला आधी चिमूटभर वर उचलावं लागतं, आणि उचलायला वीज लागते. खाली येण्यासाठी आधी वर जावं लागतं ही गोष्ट वरबापांनी कीर्तनात ऐकली असेल. गॅरेजात त्यांना ती मंजूर नव्हती. आहेराची बॅग गाडीत, मुंडावळ्या गाडीत, आणि मुहूर्त धरणगावात. शिडी लावून दार उघडायला पुतण्या नाही म्हणाला, वर टांगलेल्या गाडीत कोणी चढायचं नाही. आठ-दहा वऱ्हाडी लगेच पुढे सरसावले, हाताने उचलून घेऊ म्हणाले. आमचंच गाव!

वीज आली तेव्हा पुतण्याने बटण दाबलं आणि बोलेरो नियमाप्रमाणे आणखी वर निघाली. वरबाप फेटा सावरत ओरडले, “अरे, खाले! खाले!” गाडी खाली आली, बॅग मोजली गेली, बिल पुढे केलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, “चढवल्याचे देतो. लटकवल्याचे देणार नाही.”