प्रतिरफी

प्रत्येक हौशी वाद्यवृंदात एक प्रतिरफी असतो. (प्रतिकिशोरही असतो, आणि तो अधिक वक्तशीर असतो असे कोणी समजू नये, पण त्याचे आख्यान निराळे.) मूळ महंमद रफी 31 जुलै 1980 रोजी निवर्तले, आणि त्या तारखेच्या सुमारास गावोगावच्या नाट्यगृहांत स्मृतिसंध्या योजण्याची जी प्रथा पडली तिच्यामुळे, जून उजाडताच या गृहस्थांच्या मुखावर संस्थानिकाचे तेज चढू लागते. एरवी ते पाटबंधारे खात्यात विनातक्रार हजेरीपटावर सही करीत असतात. परंतु रविवारच्या तालमीस रुजू होणे त्यांना कमीपणाचे वाटते, कारण तालीम ही ज्यांना गाणे येत नाही अशांसाठी केलेली सोय आहे, असा त्यांचा दृढ समज असतो.

क्वचित ते येतात, आणि येतात तेव्हा न येते तर बरे झाले असते, असे सर्वांना होऊन जाते. मफलर न सोडता, घसा बसल्याची कैफियत सादर करून, तीन आठवडे काळी दोनमध्ये बसविलेले गाणे काळी एकमध्ये घेण्याचे फर्मान ते सोडतात. की-बोर्डवाल्याचे काम एका बटणावर भागते. बिचाऱ्या सॅक्सोफोनवाल्याला मात्र वहीत लिहून आणलेला प्रत्येक स्वर मनातल्या मनात खाली ओढावा लागतो, आणि तो ते करीत असतानाच प्रतिरफी, मधला व्हायोलिनचा तुकडा निरर्थक ठरवून, अंतरा उचलून मोकळे झालेले असतात.

ज्या गाण्यांची ही नक्कल चालते, त्यांच्या ध्वनिमुद्रणात सेबॅस्टियन डिसोझांसारख्या गोमंतकीय संगीत-संयोजकांनी लिहून दिलेली स्वरलिपी समोर ठेवून वादकांचा मोठा ताफा एकदम वाजवीत असे, आणि एकाची चूक झाली की सर्वांना पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागे. प्रतिरफींना हा इतिहास तोंडपाठ असतो, निवेदकाला तेच पुरवितात. पण त्याचा आपल्याशी काही संबंध पोचतो, अशी शंका त्यांना शिवत नाही.

वाद्यवृंदाचा संयोजक त्यांच्या बडतर्फीचा मसुदा दरसाल तयार करतो आणि दरसाल दफ्तरी दाखल करतो. कारण मिक्सर आणि दोन्ही ध्वनिक्षेपक प्रतिरफींच्या मालकीचे असतात, आणि पहिल्या चार रांगांतील तिकिटे त्यांच्या सासुरवाडीने घेतलेली असतात. शिवाय प्रयोगाच्या रात्री ताल सोडून पुढे धावलेल्या त्यांच्याच गाण्याला ‘वन्स मोअर’ मिळतो, आणि धावत धावत त्यांना गाठणाऱ्या तबलजीकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

तेव्हा समस्त संयोजकांना विनंती एवढीच, की या गृहस्थांची समजूत घालण्यात आयुष्य दवडू नये. वर्गणी काढून आधी संस्थेच्या नावे मिक्सर खरेदी करावा, त्याची पावती खजिनदाराकडे जमा करावी, आणि मगच तो मसुदा दफ्तरातून बाहेर काढावा.