प्रति रुपया हिरवळ

कंपनीनं पाणी किती वापरलं, हा प्रश्न आता अडाण्यांनी विचारायचा. जाणकार विचारतात, रुपयामागे किती वापरलं?

आमचा पुतण्या पुण्यात अशाच जाणकारांच्या कचेरीत बसतो आणि मोठमोठ्या कंपन्यांचे शाश्वततेचे अहवाल भरून देतो. पोळ्याला दिग्रसला आला तो लॅपटॉप घेऊनच, कारण अहवालाची मुदत तोंडावर होती. अंगणात बैलांच्या शिंगांना बेगड लागत होती आणि हा ओसरीवर बसून एका आलेखाला हिरवा रंग देत होता. रेघ छान उतरत गेलेली. "काका, पाणी पाहा. बारा टक्के खाली." मी विचारलं, म्हणजे पाणी कमी लागलं? म्हणे, "नाही, पाणी दहा टक्के जास्तच लागलं. कमी झाली ती इंटेन्सिटी."

कंपनी कोणती ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. असल्या रेघा सगळीकडे सारख्याच उतरतात.

हिशेब सोपा आहे. समजा, गेल्या साली कंपनीनं एक कोटी लिटर पाणी उपसलं आणि दहा कोटींची उलाढाल केली. रुपयाला एक डेसिलिटर. यंदा एक कोटी दहा लाख लिटर उपसलं, पण मालाचे भाव वाढवून उलाढाल साडेबारा कोटींवर नेली. आता भागाकार करा. रुपयामागचं पाणी बारा टक्क्यांनी घटलं. बोअर खोल गेली, शेजारच्या गावच्या विहिरीनं तळ दाखवला, पण रुपया सुधारला. ज्यानं भाव वाढवले त्या विक्री विभागाच्या साहेबाला ठाऊकही नसेल की तो जलसंधारण करून बसला आहे.

या अहवालाचं नाव बीआरएसआर. 2012 साली शेअर बाजारातल्या बाजारमूल्यानं पहिल्या 100 कंपन्यांना असला पहिला अहवाल सक्तीचा झाला, मग 500, मग 1000. 2021 मध्ये नवा, जाडजूड नमुना आला आणि 2022-23 पासून या 1000 कंपन्यांना तो भरल्याशिवाय सुटका नाही. नऊ तत्त्वं आहेत. त्यांखाली सक्तीचे प्रश्न आणि ऐच्छिक प्रश्न. ऐच्छिक म्हणजे उत्तर दिलंत तर तुम्ही पुढारी, नाही दिलंत तर कोणी रागावत नाही. 2023 मध्ये त्यातलं निवडक सार वेगळं काढून ते बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्या असं ठरलं, आणि ईएसजी नावाच्या म्युच्युअल फंडांनी आपला 65 टक्के पैसा अशा तपासलेल्या कंपन्यांतच ठेवावा अशी अटही आली. म्हणजे हिरव्या रेघेमागे खरा पैसा उभा आहे. उगाच नाही पुतण्या सणाच्या दिवशी पुरणपोळी थंड करून बसला.

न्यायाची गोष्ट म्हणून सांगतो: एकूण लिटर किती, ते नदीचं की जमिनीखालचं की टँकरचं, हेही त्या नमुन्यात विचारलं आहे. प्रत्यक्ष उत्पादनामागे किती, हेही आता विचारतात. पण आलेख कशाचा काढायचा हे कंपनी ठरवते, आणि कंपनीला भागाकार आवडतो. पुतण्या म्हणाला, रुपयामागची तीव्रता, म्हणजे तीच इंटेन्सिटी, नुसती देऊन चालत नाही, ती क्रयशक्तीच्या समतेनं जुळवूनही द्यावी लागते, म्हणजे परदेशातल्या गुंतवणूकदाराला तुलना करता येते. आमच्या आठवडी बाजारात डॉलरची क्रयशक्ती कोणी तपासली असेल तर कळवावं. वांगी त्या दिवशी वीस रुपये पाव होती.

मला हा रुपयामागचा हिशेब इतका आवडला की मी तो घरी लावला. मी निवृत्त माणूस, पेन्शन येते. वर्षातून दोनदा महागाई भत्ता वाढतो. आंघोळ तीच, बादली तीच, आणि तरी दर सहा महिन्यांनी माझी पाण्याची तीव्रता खाली येते. महागाई वाढली की मी पर्यावरणवादी होतो. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग आणखी एक बादली घ्या, भत्त्यात बसते." शेजारी भांडी घासायला येणाऱ्या बाईंचं मात्र अवघड आहे. दिवसभर चार घरची भांडी, हात पाण्यातच, आणि महिन्याकाठी मिळतं ते मोजायला फार वेळ लागत नाही. रुपयामागे पाणी काढलं तर आमच्या गल्लीतली सगळ्यात मोठी प्रदूषक तीच निघते. धोब्याचं विचारूच नका, तो तर थेट बंद करावा लागेल. मग मी तालुकाभर नजर टाकली की या हिशेबानं सगळ्यात हिरवा माणूस कोण. फार शोधावं लागलं नाही. सावकार. परवान्याचा नव्हे, दुसरा. महिन्याला शेकडा तीन-पाचनं पैसा फिरतो, कारखाना नाही, धूर नाही, सांडपाणी नाही. दिवसभरात पाणी लागतं ते एक तांब्या प्यायला आणि नोटा मोजताना बोटाला लावायला. त्याची तीव्रता काढायला गेलं तर दशांश चिन्हानंतर शून्यं लिहिता लिहिता पान संपेल. हिरव्या निर्देशांकात कोणाला घ्यायचं असेल तर पहिला मान त्याचा. शिवाय टाकाऊ काही नाही. घेतलेली जमीन, बैल, बायकोचं मंगळसूत्र, सगळ्याचा पुनर्वापर होतो. चक्रीय अर्थव्यवस्था म्हणतात ती हीच असावी.

आता या भागाकारात आमचा कपाशीवाला कुठे बसतो ते पाहा. 2022 च्या सुरुवातीला विदर्भात कापसानं क्विंटलला दहा हजारांचा आकडा ओलांडला होता. दोन वर्षांनी तोच कापूस सात हजारांच्या आसपास. शेत तेच, काळी जमीन तीच, पाऊस वरच्याच्या मर्जीचा. ट्रॅक्टरला डिझेल तेवढंच, फवारणीला पाणी तेवढंच, औषध तर कणभर जास्तच. घटला फक्त रुपया. म्हणजे सूत्राप्रमाणं या गड्याची तीव्रता चाळीस टक्क्यांहून जास्त वाढली. भाव कोणीतरी कुठेतरी पाडला, तो पडल्याबरोबर दिग्रसचा शेतकरी पर्यावरणाचा गुन्हेगार झाला. अडतीत हर्रासाला उभा राहून तो म्हणेल, "काऊन बा, म्या का केलं?" त्याला सांगा, तू काही केलं नाहीस, तुझा भाजक लहान झाला.

पण घाबरायचं कारण नाही, शेतकऱ्याला हे विचारणारच नाहीत. त्याचा बंदोबस्त नियमात आधीच झाला आहे. कंपनीनं फक्त आपल्या कुंपणाआतलं सांगून भागणार नाही, जिथून माल येतो त्या साखळीचंही सांगावं, असं 2023 मध्ये ठरलं होतं. चांगलं ठरलं होतं. मग कंपन्यांना धाप लागली. डिसेंबर 2024 मध्ये निर्णय झाला आणि मार्च 2025 मध्ये कागद निघाला: हे एक वर्ष पुढे, आणि तेही खुशीचा मामला. साखळीतला भागीदार कोण, तर ज्याचा एकट्याचा कंपनीच्या खरेदीत किंवा विक्रीत 2 टक्के किंवा अधिक वाटा आहे तो. त्यातही एकूण 75 टक्के व्यवहार झाकला की पुढे बघायची गरज नाही. (युरोपातही त्याच सुमाराला, एप्रिल 2025 मध्ये, असल्याच नियमांची मुदत पुढे ढकलली गेली. धाप सगळीकडे एकदमच लागते.)

2 टक्के म्हणजे किती ते जरा बघू. समजा, एखादी कंपनी वर्षाला शंभर कोटींचा कापूस घेते. त्या हजारांतल्या कंपनीला हे किरकोळच, पण धरून चालू. 2 टक्के म्हणजे दोन कोटी. सात हजार भावानं जवळपास 2,850 क्विंटल. आमच्याकडे कोरडवाहूत एकरी पाच-सहा क्विंटल झाला तर माणूस देवाला नारळ फोडतो. म्हणजे या कंपनीच्या अहवालात एक ओळ मिळवायला शेतकऱ्याकडे पाचशे एकर कपाशी हवी. आणि महाराष्ट्राच्या कमाल जमीनधारणा कायद्याप्रमाणं कोरडवाहू जमीन ठेवता येते 54 एकर! त्यावर गेलं की सरकार काढून घेतं. एका कायद्यानं माणसाला मोठं व्हायला बंदी केली आणि दुसऱ्या नियमानं लहान आहे म्हणून मोजायचं नाकारलं. अहवालात नाव यावं म्हणून दिग्रसच्या शेतकऱ्यानं आधी तहसीलदारासमोर गुन्हा कबूल करावा लागेल. तसाही त्याचा कापूस कंपनीकडे सरळ जात नाहीच. अडत्याकडे जातो, तिथून जिनिंगला, गाठी होतात, गाठींवर शेतकऱ्याचं नाव नसतं.

आणि तरीही शेतकरी निदान सातबाऱ्यावर आहे. वेचणीला येणाऱ्या बायका कुठेच नाहीत. त्यांना किलोवर पैसे. त्या अहवालात कामगारांच्या सोयींचा एक सुबक तक्ता असतो: आरोग्य विमा, अपघात विमा, बाळंतपणाचे लाभ, बापालाही रजा, पाळणाघर. किती टक्के कामगारांना काय मिळतं ते लिहायचं. आमच्याकडचं पाळणाघर धुऱ्यावरच्या निंबाला बांधलेलं असतं, जुन्या लुगड्याचं. मोठी बहीण, वय वर्षं सहा, ती व्यवस्थापक. त्या लुगड्यातल्या पोराच्या आईनं वेचलेला कापूस शेवटी कोणाच्या तरी उत्कृष्ट, शाश्वत, जबाबदार सदऱ्यात जातो. त्या सदऱ्याच्या पुठ्ठ्यावर हिरवं पान छापलेलं असतं. मी पाहिलंय ते पान. पुतण्यानंच घातला होता.

इथपर्यंत मी हसत लिहिलं. पुढचं जमत नाही.

2017 च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो दवाखान्यात पडले होते, कित्येकांच्या डोळ्यांवर परिणाम झाला. पऱ्हाटी त्या साली माणसाच्या उंचीची झाली होती, पाठीवर पंप, नोझल तोंडासमोर, वारा येईल तिकडून औषध अंगावर. मग नेहमीप्रमाणं विचारलं गेलं, हातमोजे का घातले नाहीत? मास्क का लावला नाही? ऑक्टोबरच्या उन्हात, पाठीवर भरलेला पंप घेऊन, रोजानं आलेल्या माणसाला विचारलं गेलं हे. औषध कोणी बनवलं, कोणी विकलं, डबीवरची बारीक अक्षरं कोणाला वाचता येतात, हे प्रश्न मागे पडले.

आता हा मेलेला माणूस घ्या आणि त्या अहवालात त्याला जागा शोधा. मी पुतण्याला बसवून शोधायला लावली. कर्मचारी आणि कामगार यांच्या अपघातांचा तक्ता आहे, दहा लाख मनुष्यतासांमागे दर काढतात. पण हा औषध बनवणाऱ्या कंपनीचा कामगार नव्हे. ग्राहकांच्या तक्रारींचा तक्ता आहे. पण हा ग्राहकही नव्हे, औषध शेतमालकानं कृषी केंद्रातून घेतलं, तेही उधारीवर. साखळीतला भागीदार? दोन टक्के! आजूबाजूच्या समाजावर काय परिणाम झाला, त्या तत्त्वाखाली बघ म्हटलं. तिथे कंपनीनं किती झाडं लावली आणि कोणत्या शाळेला संगणक दिले ते होतं. ज्याच्या फुप्फुसात ते औषध गेलं तो माणूस त्या साऱ्या तक्त्यांमध्ये एकाही रकान्यात बसत नाही. त्याची उलाढालच नाही, मग त्याला भागणार कशानं? पुतण्या बराच वेळ पानं वरखाली करत राहिला. शेवटी म्हणाला, "काका, फॉरमॅटमध्ये नाही ते आपण कसं भरणार?" खरं आहे. फॉरमॅटमध्ये नसलेला माणूस मरूही शकत नाही.

याच्यावर मला सांगतात, सुरुवात तरी झाली ना? 2012 पासून सुरुवातच चालू आहे. 100 च्या 500 झाल्या, 500 च्या 1000, प्रश्न वाढले, तपासनीस वाढले, भरून देणाऱ्या कचेऱ्या वाढल्या, आमच्या पुतण्याचं लग्न ठरलं. एवढ्या सगळ्या वाढीत जी गोष्ट खरा फरक पाडू शकली असती, म्हणजे साखळीच्या शेवटच्या टोकाला जाऊन बघणं, तेवढीच एक खुशीचा मामला ठरली. ज्या कंपनीला गाठीवरचा बारकोड जिनिंगपर्यंत मागे नेता येतो तिला तिथून आमच्या अरुणावती नदीच्या काठच्या गावापर्यंत जाता येत नाही यावर माझा विश्वास बसत नाही. बियाण्याची बॅग आणि औषधाची डबी विकायला कंपनी बरी प्रत्येक गावात येते, तेव्हा दोन टक्क्यांची अट आठवत नाही. डीलरच्या दुकानावर बोर्ड लावतात, भिंती रंगवतात, शेतकऱ्याच्या बांधावर मांडव घालून जेवण देतात. त्या मांडवात त्यांना प्रत्येक शेतकऱ्याचा मोबाइल नंबर लिहून घेता येतो. मग त्याच वहीत फवारणीवाल्याचं नाव लिहायला काय जड जातं?

शेअर बाजारात चार पैसे असणारे वाचक दिग्रसमध्येही आहेत, दारव्ह्यातही, पुसदमध्येही. मोबाइलवर रोज भाव बघतात. त्यांना एकच विनंती. तुमच्या कंपनीचा हा अहवाल तिच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. तो उघडा आणि हिरवी रेघ सोडून सहाव्या तत्त्वाखालचा तक्ता काढा. त्यात एकूण पाण्याची ओळ असते, भागाकार करण्याआधीची. गेल्या सालचा आकडा तिच्याच शेजारच्या रकान्यात असतो. दोन्ही वाचा, आणि वाढला असेल तर सर्वसाधारण सभेत उठून विचारा. एक शेअर असला तरी कंपनीचा सभासद म्हणून तुम्हाला विचारता येतं, भांडी घासणाऱ्या बाईंना येत नाही.