साहेब, माझा थायरॉइड बरा आहे

मा. एचआर मॅनेजर साहेब,

(पुण्यातल्या बऱ्याच कंपन्यांत आपण एकाच वेळी विराजमान असल्यामुळे नाव लिहीत नाही. ज्याचं त्याला कळेल.)



पत्रास कारण की, आपल्या कंपनीत रुजू झाल्यापासून माझी जी विचारपूस चालू आहे तिने मी भारावून गेले आहे. परवा लिफ्टमध्ये अकाउंट्समधले एक काका म्हणाले, "काय मॅडम, गोळी घेतली का आज? उपाशीपोटी घ्यायची बरं का!" त्यांची माझ्याशी ओळख नव्हती. माझ्या थायरॉइडशी मात्र होती.

ही ओळख कोणी करून दिली ते शोधायला फार लांब जावं लागलं नाही. रुजू होण्याआधी तुम्ही सांगितलेल्या लॅबमध्ये मी रक्त दिलं. लॅबने रिपोर्ट मला न देता तुम्हाला मेल केला. तुम्ही तो "फाइलला लावा" एवढं लिहून पुढे पाठवलात आणि सीसीमध्ये निम्मा मजला घेतलात. रिपोर्ट फाइलला लागला की नाही ठाऊक नाही, लोकांच्या तोंडी लागला.

तुमचा जॉइनिंग फॉर्म हा तर वेगळाच ग्रंथ आहे. वडिलांचा व्यवसाय, सासरचा पत्ता, नवऱ्याचा पगार, भावंडं किती आणि कुठे चिकटली आहेत, घर स्वतःचं की भाड्याचं, धर्म, जात, आणि जातीपुढे कंसात पोटजात. वधू-वर सूचक मंडळाच्या फॉर्मातसुद्धा पत्रिका सोडली तर एवढं विचारत नाहीत. रास-नक्षत्राचा रकाना आपण पुढच्या आवृत्तीत घ्यालच. खासगी नोकरीत आरक्षण नाही, मग पोटजात कशाला हवी, असं तुमच्या असिस्टंटला विचारलं. ती म्हणाली, "फॉर्ममध्ये आहे म्हणून." एवढं प्रामाणिक उत्तर मला तुमच्या खात्यातून पुन्हा मिळालेलं नाही.

गैरसमज नको. जे लागतं ते लागतं. टीडीएस कापायचा तर पॅन हवं, पगार जमा करायचा तर खातं हवं, पीएफसाठी यूएएन हवा आणि तो आधारशी जोडलेला हवा. उद्या माझं बरंवाईट झालं तर पैसे कोणाला द्यायचे म्हणून नॉमिनी हवा. यातलं काही देताना मी कां-कूं केलं नाही. पण आधारच्या झेरॉक्स तुम्ही मागितल्यात चार. पहिली पीएफला, दुसरी पार्किंगच्या पासला, तिसरी कँटीनच्या कार्डाला आणि चौथी "असू दे जवळ" म्हणून. कँटीनमध्ये पोहे खायला आधार लागतो हे मला नवीन होतं. शेवटचे चार आकडे ठेवून बाकीचे झाकलेलं मास्क्ड आधार सरकारी संकेतस्थळावरून उतरवता येतं, तर पार्किंगसाठी मी ते दिलं. तुम्ही परत केलंत. "चालणार नाही, नंबर दिसत नाही." तो दिसू नये म्हणूनच ते असतं, साहेब.

अर्थात या बाबतीत तुम्ही एकटे नाही. मे 2022 मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरूच्या कार्यालयाने पत्रक काढलं होतं की झेरॉक्स सरसकट कोणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो, मास्क्ड प्रत वापरा. दोन दिवसांत केंद्राने ते मागे घेतलं, लोक भलता अर्थ काढतील म्हणून. पत्रक मागे गेलं, झेरॉक्स पुढे चालू राहिल्या.

"फक्त महिलांसाठी" असं शीर्षक असलेल्या पानावर जरा थांबते, कारण तुम्ही तिथे बरंच रमलेले दिसता. आपण सध्या गर्भवती आहात का? शेवटच्या पाळीची तारीख? पुढच्या दोन वर्षांत कुटुंबविस्ताराचा विचार? हे प्रश्न तुमच्या प्रतिभेतून आले असतील असं वाटून तुम्ही हुरळून जाल, म्हणून सांगते, ते जुने आहेत. आयुर्विमा महामंडळाच्या फॉर्मातही पाळी नियमित येते का, गर्भधारणा किती झाल्या, शेवटची पाळी कधी आली, असे रकाने होते. नीरा माथूर या बाई 1989 मध्ये तिथे प्रोबेशनवर लागल्या, बाळंतपणाची रजा घेतली आणि नोकरीवरून कमी केल्या गेल्या. महामंडळाचं म्हणणं, यांनी पाळीची तारीख खोटी लिहिली! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1991 मध्ये न्यायालयाने त्यांना परत कामावर घ्यायला लावलं आणि ते रकाने फॉर्मातून काढून टाकायला सांगितलं. या गोष्टीला तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तुमच्याकडे ते रकाने अजून आहेत, वर लाल चांदणी लावून. म्हणजे भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही.

मी तिथे "लागू नाही" लिहिलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही टीम लीडला विचारलंत, "हिचं काही लपवण्यासारखं आहे का?" हेही मला कळलं. तुमच्याकडे काहीच लपून राहत नाही, हा गुण मात्र मानावा लागेल.

आता तुमच्या काटकसरीविषयी. इंडक्शनच्या दिवशी टिपणं घ्यायला पाठकोरे कागद वाटलेत. पर्यावरणाचा विचार म्हणून मनातल्या मनात दाद दिली. कागद उलटला तर मागे एका उमेदवाराचा बायोडेटा. नाव, राहता पत्ता, मोबाइल, आधीचा पगार, नोकरी सोडण्याचं कारण "वडिलांचं आजारपण", आणि कोपऱ्यात तुमच्या निळ्या पेनाने लिहिलेला शेरा, "जास्त बोलतो". त्याला नोकरी का मिळाली नाही ते मला कळलं. त्याला बहुधा अजून कळलेलं नसेल. शेजारच्या मुलाच्या वाट्याला कोणाची तरी पगाराची स्लिप आली होती. तिच्यावर त्याने अग्निशमन यंत्र कसं वापरायचं ते लिहून घेतलं. तुमच्या प्रिंटरशेजारचा तो गठ्ठा दिवसभर उघडा असतो, आणि चहावालाही त्यातला एक कागद किटलीखाली घालायला नेतो.

पगाराच्या एक्सेल शीटबद्दल तर काय बोलावं? इन्क्रिमेंटच्या कामासाठी ती तुम्ही ड्राइव्हवर टाकलीत आणि लिंक मिळेल त्याला उघडेल अशी ठेवलीत. माझ्याच हुद्द्यावर आठ वर्षं काम करणाऱ्या ताईंना माझ्यापेक्षा कमी मिळतात हे त्यांना तिथून समजलं. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं, डबाही वेगळ्या टेबलावर उघडतात. यात चूक त्यांची नाही, माझीही नाही. पगार उघड असावेत असं म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यात तथ्यही आहे. तसं करायचं तर जरूर करा, पण सगळ्यांचे करा, आणि सुरुवात एचआर मॅनेजरपासून करा. नेमकी तीच ओळ त्या शीटमध्ये कशी नव्हती?

माझा वाढदिवस, मोबाइल नंबर आणि फुलांच्या चौकटीतला फोटो तुम्ही तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलात. तेव्हापासून मला कर्ज देऊ इच्छिणारी माणसं वाढली आहेत, एवढंच नोंदवते.

या सगळ्यावर तुमचं ठरलेलं वाक्य असतं, "अहो, आपण फॅमिली आहोत!" फॅमिलीत तीन महिन्यांची नोटीस नसते, साहेब. आणि फॅमिलीतही माझ्या थायरॉइडविषयी कोणाला सांगायचं ते मी ठरवते. सासूबाईंना मी ते अजून सांगितलेलं नाही. अकाउंट्सच्या काकांना माहीत आहे.

मुंबई उच्च न्यायालयात 1997 मध्ये एका रोजंदारी कामगाराचा खटला निकाली निघाला. तो काम करायला धडधाकट होता, पण तपासणीत एचआयव्ही निघाला म्हणून एका सार्वजनिक कंपनीने त्याला दारातून परत पाठवलं होतं. काम करायला समर्थ असलेल्या माणसाला केवळ तेवढ्यासाठी नाकारता येणार नाही, असा निकाल न्यायालयाने दिला. शिवाय त्याला नाव न लावता दाद मागू दिली, त्यामुळे कायद्याच्या पुस्तकांत तो "एमएक्स" आहे आणि कंपनी "झेडवाय". कोर्टात कारकून असतात, शिपाई असतात, वकिलांची गर्दी असते, तरी एका मजुराचं नाव इतकी वर्षं झाकलेलं राहिलं. तुमच्याकडे एक रक्ताचा रिपोर्ट जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकत नाही.

आणि कायदा कसा आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, कारण इंडक्शनच्या स्लाइडवर तो होता. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि बहुतेक जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत मिळाली. त्यात नोकरीच्या कारणासाठी कर्मचाऱ्याची माहिती वेगळी संमती न घेता वापरायची मुभा मालकाला आहे, हे वाक्य तुम्ही ठळक अक्षरांत दाखवलंत. मुभा नोकरीच्या कारणापुरती आहे, पोटजातीपुरती नाही. आणि ती वापरण्याची आहे, सांडण्याची नाही. माहिती नीट राखली नाही तर 250 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो हे त्याच कायद्यात आहे. ती स्लाइड बहुधा वेळेअभावी राहिली.

तेव्हा माझ्या मागण्या लहानच आहेत. प्रत्येक रकान्यासमोर तो कशासाठी आहे ते एका ओळीत लिहा. ओळ सुचत नसेल तर रकाना काढा. महिलांचं ते पान आजच फाडा. डॉक्टरांनी तुम्हाला "कामासाठी योग्य" किंवा "अयोग्य" एवढंच कळवावं आणि बाकीचा रिपोर्ट ज्याचा त्याच्या हाती द्यावा. शीटची लिंक बंद करा. पार्किंग आणि कँटीनच्या झेरॉक्स माझ्या मला परत द्या. ज्यांना घेतलं नाही त्यांचे बायोडेटा श्रेडरमध्ये घाला. श्रेडर कंपनीकडे आहे, दुसऱ्या मजल्यावर, तुमच्याच केबिनच्या बाहेर. त्याच्यावर सध्या मनी प्लांटची कुंडी ठेवलेली आहे, ती तेवढी उचलावी लागेल.

कळावे, लोभ आवरता असावा.

आपली,
नवी रुजू झालेली कर्मचारी