भिकबाळीवीर

गणपती जवळ आले की पुण्यात हा वीर उगवतो. वय पंचविशीचं, नोकरी हिंजवडीत, दाढी कोरलेली आणि उजव्या कानाच्या वरच्या कडेला भिकबाळी: सोन्याची तार, दोन मोती, मध्ये लाल खडा. कमरेला ढोल बांधण्याआधी मोबाइलमध्ये स्वतःचा कान बघून घेतो.

त्याला ‘दागिना’ म्हणायची सोय नाही. “दागिने बायका घालतात, ही परंपरा आहे!” ही परंपरा त्याला २०१५ साली ‘बाजीराव मस्तानी’च्या मध्यंतरात सापडली. तरी तो अगदीच चुकत नाही. पेशवाईतल्या मातब्बर पुरुषाच्या कानात मोती असायचेच. जेम्स वेल्सने १७९० च्या दशकात रंगवलेले सवाई माधवराव बघा. गळ्यात इतके मोती, की आजची नवरी हळहळेल.

घरात काका मात्र खवळतात. “बायकांसारखं कानात घालून फिरतोस?” असं विचारताना ते मनगटावरच्या घड्याळात किती वाजले तेही बघतात. पहिल्या महायुद्धाआधी युरोपात मनगटी घड्याळ हा बायकांचा नखरा समजला जाई. पुरुषाचं घड्याळ साखळीला बांधून खिशात. खंदकात, हातात बंदूक असताना खिसा चाचपायला कुणाला सवड? सैनिकांनी ते मनगटावर बांधलं आणि युद्धानंतर तेच मर्दानी ठरलं. काकांना हे कोण सांगणार? घड्याळ सासऱ्यांनी दिलेलं आहे.

खरी पंचाईत बहिणीची. ती त्याच्याच ढोलपथकात ताशा वाजवते आणि झोकात फेटा बांधते. दोघांच्या कपाळावरची चंद्रकोरही एकाच पाकिटातली.

“फेटा पुरुषांचा असतो गं.”

“आणि तुझ्या कानातले मोती रे?”

“ते शौर्याचं प्रतीक आहे!”

या शौर्याला सुईची भीती वाटते. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात, पण हा सोनाराच्या वाटेला जातच नाही. त्याची भिकबाळी प्रेसची. बहिणीने तुळशीबागेत स्वतःची नथ घेताना त्याच्यासाठी उचललेली, तीही नथीसारखीच प्रेसची.

तेव्हा विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर एखादी भिकबाळी सापडली, तर मालकाला शोधत फिरू नका. तो बहिणीला पुढे करून तुळशीबागेत नवीसाठी घासाघीस करत असतो.