कापलेले मामा

नांदेडच्या एका कार्यालयाला आमच्या लातूरच्या कॉलेजचा वर्षाचा अहवाल पाठवायचा होता. चाळीस स्लाइड, पीडीएफ करून, 5 एमबीच्या आत. माझी पीडीएफ भरली 61 एमबी. पेनड्राइव्ह खिशात घालून चाकूर, अहमदपूर, लोहा करत एसटीनं नांदेड गाठावं, असं मनात आलं. पण तिथं आता माणूस चालत नाही, फाइलच लागते.

आधी मजकुरावर कात्री चालवली. सात उद्दिष्टं होती ती तीनवर आणली, प्रस्तावना तर उडवलीच. फाइल 61ची 61! माझं सगळं पांडित्य काही केबींत मावत होतं. वीस वर्षं शिकवतोय, कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

शेवटी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्या पोराला गाठलं.

“सर, फोटो खायलेत जागा. मोबाईलमधले जसेच्या तसे चिकटवलात की!”

मग त्यानं हिशेबच मांडला. एका फोटोत 4000 गुणिले 3000, म्हणजे 1 कोटी 20 लाख ठिपके. स्लाइडवर तो ओढून चार इंचांचा केला म्हणून ठिपके कमी होत नाहीत. घडी घातली म्हणून धोतर आखूड होतं का? पडद्यावर बघण्यापुरते इंचाला 96 ठिपके पुरतात. चार बाय तीन इंचांना 384 गुणिले 288. मी भागाकार केला, उत्तर 108च्या आसपास. एका मण्यावर भागलं असतं तिथं मी अख्खी जपमाळ पाठवत होतो, तीही दर फोटोमागे.

2016च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेच्या दहा वाघिणींतून पाणी आलं, ते हे आमचं लातूर. भांडी विसळलेलं पाणीही झाडाला घालणारे आम्ही. ठिपक्यांचा नळ मात्र सताड उघडा.

‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ची खिडकी उघडली. त्यात एक ओळ होती, ‘डिलीट क्रॉप्ड एरियाज’.

“हे काय?”

“तुम्ही कापलेलं आत तसंच असतंय सर. नुस्तं झाकलेलं. थांबा, दावतो.”

वृक्षारोपणाचा फोटो होता. चौकटीत प्रमुख पाहुणे आणि रोप, बाकी सगळं मी नीटनेटकं छाटलेलं. त्यानं कडा ओढली तशी आधी अर्धी म्हैस आली, मग कुणाची तरी चप्पल, मग फावडं, आणि फावड्याला टेकून आमचे शिपाई मामा. सदरा घामानं अंगाला चिकटलेला. खड्डा त्यांनीच खणला होता. पुढं उन्हाळाभर पाणीही त्यांनीच घातलं. पाहुणे परत फिरकले नाहीत.

पोरगं ‘ओके’वर बोट ठेवून थांबलं होतं. “उडवू का?”

“थांब. चौकट जरा डावीकडं घे.”

“मामा येतेत, पण साहेबांचा खांदा जायलाय.”

“जाऊ दे.”

“म्हैस?”

म्हैस तेवढी जाऊ दिली. त्यानं खूण केली, ओके दाबलं, आणि पीडीएफ निघाली 4.7 एमबी.